सूर्य उगवेल अशी सफर

माझ्या पंचाहत्तरीनिमित्त कन्या मोहिनी जळगावहून आमच्या धुळ्याच्या घरी आली, ती नॉर्वेच्या जहाजसफरींची माहितीपत्रके घेऊनच. उत्तर ध्रुवाकडील आकाशात रात्री हिरवा प्रकाश लहरतो, तो एकदा डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा मी संस्कृत शिकविण्याच्या चौतीस वर्षांत अनेकदा बोलून दाखविली होती.

"नाना, डिसेंबरचीच घ्या. तिथे सहा दिवस सूर्य उगवतच नाही. रात्रच रात्र!"

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

मोहिनी चार वर्षांची असताना तापाने बेशुद्ध झाली होती. ती शुद्धीवर आली त्या सकाळपासून माझ्या पत्नीने, झुंबरबाईने, सूर्यदर्शनावाचून अन्न न घेण्याचे व्रत धरले. त्याला बेचाळीस वर्षे झाली. धुळ्याच्या निरभ्र आकाशाने तिला क्वचितच उपाशी ठेवले.

"आई, मी मोबाइलवर सूर्य दाखवीन."

"मग जेवणही मोबाइलवरच वाढ," आतून उत्तर आले.

सोमवारी कळवायचे ठरवून मोहिनी परतली. मला इच्छा सोडवेना, आणि पत्नीला व्रत मोड म्हणण्याचा धीरही होईना.

रविवारी सकाळी अंगणातून कळशी आणताना झुंबरबाई मटकन ओट्यावर बसली. तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो, तेव्हा दुरडीत दोनच भाकऱ्या दिसल्या, माझ्यापुरत्या. आदल्या दोन्ही दिवशी असेच होते, हे मला तेव्हा स्मरले.

"ऊन तर लख्ख पडले आहे. मग उपवास कसला?"

ती जरा लाजली. "सहा दिवस निभतात का, ते पाहत होते. माले सवय शे, पण वय झालं ना आता."

त्या हिरव्या प्रकाशाच्या माझ्या एका दर्शनासाठी तिने न बोलता हा सराव आरंभिला होता. माझी मान खाली गेली.

त्या दुपारी मी पंचांग आणि माहितीपत्रके शेजारी ठेवून बसलो. जेव्हा दिवस आणि रात्र समान, तेव्हा दोघांचेही साधेल. सप्टेंबरच्या अखेरीस तसे होते, परंतु तेव्हा पितृपक्ष. मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास मात्र एक लहान जहाज निघत होते. बर्फ होता, काळोखी रात्र होती, आणि सकाळी सहाच्या सुमारास सूर्योदय.

मोहिनीला फोन केला. "डिसेंबरचे मोठे जहाज नको. मार्चचे ते लहान घे."

"नाना, त्यात नाटकगृह नाही, काही नाही!"

"सूर्य आहे."

झुंबरबाई ताटावर बसली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून तिने विचारले, "आणि तिथे ढग आले तर?"

"तर तुझा सूर्यही नाही, माझा प्रकाशही नाही. दोघे मिळून उपाशी राहू."

"तुम्हाला कुठे निभतंय!" ती हसली, आणि तीन दिवसांनी पहिला घास घेतला.