ऑक्टोबरात छाटलेली लालपत्ती

दसरा झाला की सहादूनानांचे हात शिवशिवायला लागत. सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. ऑक्टोबर म्हणजे छाटणी, एवढंच ठाऊक. गुडघे थकले तेव्हा बाग भाच्याला कसायला देऊन ते सिन्नरहून अंबडला, मुलाकडे, रवीकडे राहायला आले. कात्री बरी मागं राहील? तीही पिशवीतून आलीच.

रवीच्या दारात झाड म्हणाल तर एकच, सून स्नेहलची लालपत्ती. थंडी पडली की तिच्या शेंड्यांची पानं अशी लालभडक होत की येणारे-जाणारे थांबून फोटो काढत. हरसूलला स्नेहलच्या आईच्या दारात जे झाड होतं, त्याची ही फांदी. पुढे आई गेली, आणि रस्ता रुंद झाला तेव्हा ते झाडही गेलं. पौषात आईची तिथी यायची. त्या दिवशी स्नेहल फोटोला याच झाडाचा लाल तुरा वाहायची.

नानांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी झाड असं छाटलं की नुसते खुंट उरले. वर चीक वाहतो म्हणून प्रत्येक कापावर ओली माती लावली. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा ते शाबासकीची वाट बघत फाटकापाशीच उभे.

"बघ, आता कसं फुटंल! लय माजलं होतं."

स्नेहल पायरीवरच बसली. "नाना, ह्याच फांद्या लाल व्हायच्या होत्या," एवढंच म्हणाली. आईचं सगळं मग रवीने सांगितलं. ती भांडली असती तर नानांना बरं वाटलं असतं. पण तिने रोजच्यासारखी गरम भाकरी वाढली.

कात्री त्यांनी माळ्यावर टाकून दिली. छाटलेल्या शेंड्यांच्या काड्या मात्र फेकवल्या नाहीत, बागेतली सवय. मागच्या मोरीजवळ दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत त्या खोचून ते घोटघोट पाणी घालत राहिले. कुणाला बोलले नाहीत, बोलायला तोंड कुठं होतं?

डिसेंबर हिरवाच गेला. दारचं झाड फुटलं, पण बुटकंच राहिलं. तिथीच्या सकाळी स्नेहल झेंडूचा हार घेऊन आली, तर आईच्या फोटोपुढे एक दुधाची पिशवी. तिच्यात वीतभर काडी आणि शेंड्याला लाल पानं.

"हे कुठलं, नाना?"

"तुझ्या आईचंच हाय. मागं अजून हायेत."

ती मोरीजवळ गेली. सगळ्या पिशव्यांतून लाल शेंडे डोकावत होते. ती रडली, मग डोळे पुसून हसली.

"एक हरसूलला लावू. आईच्या दारात, भिंतीला धरून. लावायला तुम्ही यायचं."

मग घरात येऊन तिने स्टूल ओढलं, माळ्यावरची कात्री काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"होळी झाली, लाली ओसरली की छाटायची, नाना. तुम्हीच."

नानांनी कात्री कपाळाला लावली.