माणशी एक माळ

हरयाणातल्या त्या गावात होळीला घरातल्या माणशी एक गोवऱ्यांची माळ द्यायची रीत होती. भरतो म्हातारीनं नऊ आणल्या.

"वहिनी, घरात तू एकटी न् माळा नऊ? भुतं जेवायला घालतेस काय?" धाकटा दीर रिसाल म्हणाला.

"भुतं असतील तुझ्या घरची! माझी पोरं कॅनडात गेली म्हणून परकी झाली? तू किती आणल्यास ते सांग."

रिसालच्या घरात तो न् त्याची बायको, आणि खांद्यावर माळा सात.

सगळ्याच घरांनी असं केलेलं. त्यामुळे होळी पूर्वीसारखीच उंच रचली गेली. मधोमध प्रह्लाद म्हणून हिरवी फांदी रोवली. होळी पेटली की ती फांदी जळायच्या आत एखाद्या तरण्या पोरानं उपसून तळ्याकडे पळायचं. भरतोचा थोरला दरसाल भुवया करपवून घरी यायचा. मग ती शिव्या घालत त्याला तूप चोळायची.

होळी भडकली.

"अरे, उपसा की कुणीतरी!" भरतो ओरडली.

काठ्या टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फांदीची पानं तडतडू लागली. भरतोनं ओढणीआड धरून आणलेल्या वाटीतलं तूप होळीच्या धगीनं वितळून गेलं.