टोपणावरचे दात

नितीन भिंगारदिवेला पेनांचं वेड होतं. साधंसुधं नव्हे, बायकोनं कपाळाला हात लावावा इतकं. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो तपासणीवर होता. दिवसभर लोखंडी पार्ट मोजायचे, जरा कुठं उणंअधिक दिसलं की बाजूला फेकायचे, असं त्याचं काम. चाळिशीला टेकलेला माणूस, पण रविवारी सकाळी सावेडीतल्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर जुनं धोतर अंथरून बसला, की शाळेत नवं दप्तर मिळालेल्या पोरासारखा दिसायचा. शाईच्या बाटल्या ओळीत मांडायच्या, काळे, तपकिरी, हिरवट एबोनाइटचे पेन पुसून ठेवायचे, ड्रॉपरनं थेंब थेंब शाई भरायची आणि जाड पिवळसर कागदावर निब टेकवायची. ती शाई ओली चमकते, मग हळूहळू मुरते, ते बघताना त्याला चहाची शुद्ध राहत नसे. आता लिहायचं काय, हा प्रश्न सायलीनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच विचारून घेतला होता. लिहायचं काही नव्हतंच. स्वतःचं नाव, पत्ता, पुन्हा नाव. त्याचे फोटो पेनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचे आणि तिथले रिकामटेकडे वा वा करायचे.

जुन्या घाटाचे नवे पेन त्याच्याकडे बरेच होते. खरा जुना पेन घरात एकच होता, आणि तो त्याचा नव्हता. तो वडिलांच्या खिशाला असायचा.

रंभाजी राहुरीला विद्यापीठाच्या फार्मवर मजूर होते. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. सही करता यायची, तीही दोनदा थांबून. तरी खिशाला पेन नाही असे रंभाजी कुणी पाहिले नव्हते. त्या पिढीत वस्तीवरचे बरेच बाप्ये चौदा एप्रिलला पांढरा सदरा घालून त्याला पेन लावायचे. रंभाजींनी तो रोजचा केला. उसात पाणी द्यायला जातानासुद्धा पेन खिशाला. "पेन हाय म्हनून मी सायबाम्होरं वाकून हुबा ऱ्हायलो न्हाई," असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं.

तो पेन त्यांना दिला होता फार्मच्या कचेरीतले मोठे कारकून विष्णुपंत, म्हणजे मजुरांचे साहेब, यांनी, निवृत्त होताना. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. आणि नितीनला लहानपणापासून खुपत आलेली गोष्ट हीच. कारण वडील दुपारी झोपले की तो हळूच जवळ जाऊन पेन बघायचा, आणि टोपणाच्या शेंड्यावर त्याला दातांचे खड्डे दिसायचे. चांगले खोल. कुणीतरी विचार करता करता चावलेला पेन. पुढे शिकला, वाचायला लागला, तसं त्याच्या मनानं घेतलं की हे दात साहेबाचे. साहेबानं आयुष्यभर चावून झालेला पेन मजुराला दिला, आणि आपला बाप ते उष्टं छातीला लावून मिरवतो. हे तो कुणाला बोलला नाही, बापाला तर नाहीच. पण तो खड्डा त्याच्या डोक्यात राहिला.

आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकायला हवी. नितीनला थोरला भाऊ होता, संदीप. नितीन नऊ वर्षांचा असताना संदीप गेला. कॉलेजातून सायकलवर येताना अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. घरातलं शिकणारं पहिलं पोर. त्यानंतर रंभाजी नितीनशी वाईट वागले असं नाही. फी भरली, कपडे केले, नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले. पण कौतुकाचा एक शब्द म्हणून नाही. तो सगळा साठा थोरल्यावर संपला होता जणू. नितीनला वडिलांकडून एकदा, एकदाच, 'शाब्बास' ऐकायचं होतं. माणूस चाळिशीला आला तरी ही भूक जात नाही, आणि कुणाला सांगताही येत नाही.

या उन्हाळ्यात रंभाजींना डोळ्यांसाठी नगरला नितीनकडे आणलं. काचबिंदूनं उजवा डोळा गेल्यातच जमा होता, डाव्याला नुसता उजेड कळायचा. डॉक्टर म्हणाले, डावा राहतो का ते ऑपरेशन करून बघू. दवाखान्यात आत नेताना नर्सनं सदरा काढायला सांगितला. रंभाजींनी खिशातला पेन काढला, चाचपडत नितीनचा हात शोधला आणि त्यात ठेवला.

"जपून ठिव. इतक्या वर्सात कुनाच्या हातात दिल्याला न्हाई."

तीस वर्षांनी आपण घरातले झालो, असं नितीनला वाटलं. दरवाजा बंद झाल्यावर त्याची आई विमलबाई बाकावर बसल्या आणि नितीन पेन मुठीत धरून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत राहिला.

रंभाजींना दोन दिवस तिथंच ठेवून घेतलं, सोबतीला विमलबाई राहिल्या. नितीन घरी आला तो सरळ टेबलाशी. पेन बघितला आणि त्याच्यातला पेनवाला जागा झाला. मूळचं काळंभोर एबोनाइट घामानं आणि उन्हानं शेणासारखं तपकिरी पडलं होतं, क्लिप गंजली होती. आणि शेंड्यावर ते दात. आधी त्यानं फोटो काढला, सगळ्या बाजूंनी. मग सायलीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला.

एबोनाइटची एक गंमत आहे. ते शेवटी रबरच. दाबून पडलेला खड्डा उष्णता दिली की आपोआप वर येतो. ड्रायरची गरम हवा लागली, सायकलच्या ट्यूबसारखा वास सुटला आणि नितीनच्या डोळ्यांदेखत ते खड्डे उथळ होत गेले. उरलंसुरलं त्यानं पॉलिश पेपरनं घासलं, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी पेस्ट लावून मऊ कपड्यानं असं चोळलं की टोपणात खिडकी दिसायला लागली. साहेबाचं उष्टं गेलं. बापाच्या खिशाला आता बापाचा पेन लागेल.

"दादांना विचारलं होतं का?" सायलीनं विचारलं. रंभाजींना घरात सगळे दादाच म्हणत.

"सरप्राइज आहे," तो म्हणाला.

आधीचा आणि नंतरचा फोटो ग्रुपवर गेला. अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी लिहिलं, वडील भाग्यवान आहेत.

रंभाजी घरी आले ते डोळ्यावर पट्टी घेऊन. खाटेवर टेकले आणि पाण्याच्या आधी पेन मागितला. नितीननं तो दोन्ही हातांनी दिला. रंभाजींनी तो खिशाला लावला आणि अंगठा टोपणाच्या शेंड्यावर ठेवला. अंगठा फिरला. पुन्हा फिरला. मग त्यांनी पेन काढून दोन्ही हातांत घेतला, सगळीकडून चाचपला.

"ह्यो माजा न्हाई."

"तुमचाच आहे दादा. मी साफ केलाय जरा. नवा दिसतोय एकदम."

"न्हाई रं," रंभाजी शांतपणे म्हणाले. "तुज्याकडं लई पेन हायती. त्यात मिसळला आसंल. सावकाश बघ, गडबड न्हाई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. नितीन पेन परत घेऊन स्वयंपाकघरात आईकडे गेला. विमलबाई भाकरी थापत होत्या.

"आई, दादा पेन ओळखत नाहीत. मी त्याच्यावरचे दात घालवले. त्या साहेबाचे."

विमलबाईंचे हात पिठात थांबले.

"कुन्या सायबाचं?" त्या म्हणाल्या. "आरं, संदीपचं दात ते. धाव्वीला दिल्ता त्याला तो पेन ह्यांनी. गनित आडलं की टोपान चावायचा, तू ल्हान हुतास तवा. मी वरडायची, त्वांड काळं हुईल म्हनून. त्यो गेल्यावर ह्यांनी आपला साधा पेन काडून ह्यो खिशाला लावला, ते आजपातुर. झोपताना आंगठा तिथंच आसतो, बगितलं न्हाईस कदी?"

बघितलं होतं. हजारदा बघितलं होतं. बापाचा अंगठा टोपणावर असतो हे बघितलं होतं, आणि आपण त्याखालच्या खड्ड्याकडेच बघत बसलो होतो. नितीन मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. संदीपचे कपडे तेव्हाच दिले होते, सायकल भंगारात गेली. फोटो होता एक, दहावीच्या फॉर्मचा, पण रंभाजींना आता फोटोचा काय उपयोग?

शहाण्या माणसानं तेव्हाच बापाजवळ बसून खरं सांगितलं असतं. नितीननं दार लावून घेतलं. मोबाईलमध्ये आधीचा फोटो होताच. तो त्यानं बोटांनी मोठा केला: तीन खड्डे, त्यातला मधला तिरपा आणि खोल. दिवसभर मोजमाप करणारा माणूस तो. त्यानं खड्ड्यांमधलं अंतर डोळ्यानं पक्कं केलं, ड्रायरनं टोपण पुन्हा गरम केलं, तोंडात धरलं आणि दाबलं. जबड्यात कळ गेली. चव कडू, जळकी होती. आरशात बघून, पेन वळवून, फोटो शेजारी ठेवून तो चावत राहिला. सायली दार वाजवत होती, "अहो, काय चाललंय?" त्यानं ओ दिली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो आपल्या भावाचे दात आपल्या दातांनी उठवत होता. झालं तेव्हा बघणाऱ्याला फरक कळला नसता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाटेवर बापाजवळ बसला.

"दादा, सापडला. दुसऱ्या पेनांत मिसळला होता."

रंभाजींचा चेहरा उजळला. खरंच उजळला, पट्टीखालचे गाल हलले. "आसं व्हय! बगितलंस ना नीट? शाब्बास."

नितीनला तो शब्द ऐकू आला. रंभाजींनी पेन घेतला. अंगठा टोपणावर गेला, थांबला, हळूहळू त्या खड्ड्यांवरून इकडून तिकडे गेला. एकदा. मग उलटा. रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी आली आणि विरली. चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला.

"कोन चावलंय ह्ये?"

अंगठा मधल्या खड्ड्यावर परत गेला.

"त्याचा म्होरला दात वाकडा हुता. आंगठ्याचं नख आडकायचं तितं. ह्ये सरळ हायती." रंभाजींनी तोंड नितीनकडे वळवलं. "तुजं हायती न्हवं?"

"हो दादा."

"आन त्याचं?"

मग नितीननं सगळं सांगितलं. ड्रायर सांगितला, पेपर सांगितला, पेस्ट सांगितली. साहेबाच्या उष्ट्याचंही सांगितलं; आता लपवून उपयोग नव्हता. रंभाजी खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून ऐकत राहिले.

"सायबानं कोरा दिल्ता," ते म्हणाले. "डबीतला. माज्याम्होरं दोरा सोडला. मी म्हनलं, वापरल्याला आसंल तर नको. मी उष्टं घीन व्हय रं कुनाचं? लहानाचा मोठा झालास तवापासून तू बापाला आसा समजत हुतास?"

दारात विमलबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"किती येळ लागला?" रंभाजींनी विचारलं.

"कशाला?"

"त्याचं दात जायाला."

खोटं बोलावंसं त्याला वाटलं. दिवसभर घासावं लागलं, हात भरून आले, जाता जात नव्हते, असं काहीतरी. पण त्या पट्टी बांधलेल्या तोंडासमोर त्याला खोटं सुचलं नाही.

"फार नाही दादा. गरम हवा धरली की... चहाला उकळी येते तेवढ्यात."

"येवढ्यात जातं व्हय?" रंभाजी म्हणाले. "आन मी इतकी वर्सं आंगठा काडला न्हाई, झिजंल म्हनून हलका ठिवायचो."

त्यांनी पेन चाचपत नितीनच्या मांडीवर ठेवला. मग दोन्ही हातांनी सदऱ्याचा खिसा शोधला, त्याचं बटण काजात घातलं, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.