व्हर्नाचा आलेख आणि माझा

त्या शुक्रवारी व्हर्नाचा आलेख माझ्या आलेखाशी जुळला नाही, आणि मला आनंद झाला. ईस्टरआधीचे उपास चालू असताना झाला, हे आधीच सांगून टाकते.

अमेरिकेतल्या डेटनच्या आमच्या विमानांच्या कचेरीत ॲनालॉग यंत्र अकरा वर्षं माझ्या हाताखाली होतं. गणित मांडायचं म्हणजे भोकांच्या फळीवर तारा खोचायच्या, मग आकड्यांची बटणं एकेक करून फिरवून लावायची. विजेच्या दाबातूनच उत्तर तयार व्हायचं आणि लेखणी कागदावर रेघ ओढायची. दर बटणाला मी एक 'नमो मरिया' म्हणत असे.

जानेवारीत तेवीस वर्षांची व्हर्ना आली. नव्या डिजिटल यंत्रासाठी तिने प्रोग्राम लिहिला. तारा नाहीत, बटणं नाहीत, नुसती भोकं पाडलेली कार्डं. शब्द मात्र सगळे माझे: बेरीज, उलटचिन्ह, बटण सव्वीस. माझं अख्खं यंत्र तिने कार्डांच्या गठ्ठ्यात बसवलं होतं. ऑस्ट्रँडरसाहेब पूर्वी माझ्या लेखणीपाशी उभे राहत. आता तिच्या छपाईयंत्रापाशी.

"बर्नी, तुझी सवत आपटली बघ आज," शेजारचा क्लीटस म्हणाला. तोंडात हॅमचं सँडविच, तेही मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी.

"तू गिळ मुकाट्याने."

साहेब दोन्ही कागद खिडकीला लावून बघत होते. धावपट्टीवर आदळलेलं चाक किती वेळ थरथरेल, एवढाच प्रश्न. माझी रेघ चटकन निवली होती, तिची डुलतच राहिली होती.

"व्हर्ना, पोरी, बर्नीची रेघ आजवर चुकलेली नाही. सोमवारपासून यंत्रावरचे तुझे तास दुसऱ्यांना देतो. तुझा प्रोग्राम गुंडाळ आता."

"साहेब, आकडे ताईंच्याच कागदावरून घेतलेत. तीनदा तपासले."

"मग चौथ्यांदा तपास!" क्लीटस खिदळला.

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी फळी उतरवायला गेले आणि सव्विसाव्या बटणाशी थबकले. कागदावर ०.१४५, बटणावर ०.४१५. बुधवारी ते लावताना तिच्या टेबलापाशी साहेब मोठ्याने हसले होते आणि माझी प्रार्थना अर्ध्यावर राहिली होती.

मी बटण नीट लावलं, यंत्र पुन्हा चालवलं. लेखणीने व्हर्नाचीच रेघ काढली, डुलणारी. कागद फाडून टाकला असता तर कुणाला कळणार होतं? दोन वेळा घडी घातली. मग उघडून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, चूक माझी. व्हर्नाचं बरोबर आहे."

ते रागावले असते तरी चाललं असतं. ते खूश झाले. "छान! यापुढे तुझी प्रत्येक फळी आधी व्हर्नाच्या प्रोग्रामातून तपासून घ्यायची."

व्हर्ना धावतच आली. "ताई, तुम्ही बोलला नसतात तर..."

"बोलणार नव्हतेच," मी म्हणाले.

तिला ती थट्टा वाटली. ती हसली. हसताना गोड दिसायची पोर; तेही मला सोसवलं नाही.