सिम कोणाच्या नावावर

पुसेगावच्या जनकाबाई खिल्लारेनं चार बाया हाताशी घेऊन कितीतरी लग्नांचा स्वयंपाक पार पाडला होता, पण लग्नघरी तिचं नाव कोणाला ठाऊक नसायचं. लोक ओळखायचे ते हिंगोलीच्या नरसिंगला. ऑर्डर तो घ्यायचा, जनकाबाईला निरोप धाडायचा आणि पंगती बसल्या की कडक इस्त्रीच्या कपड्यांत मांडवाच्या दारात उभा राहायचा.

२००६ च्या दिवाळीनंतर तो म्हणाला, "बाई, निरोपाला माणूस पाठवून बेजार झालो. माझ्या बिलावर दुसरं कनेक्शन घेतो. फोन तुझ्यापाशी ऱ्हाईल, बिल मी भरीन. तुला कसलीच तकलीफ न्हाई."

बरोबरच्या आशाबाईला हे फार पटलं. "फुकटचा फोन मिळून राहिला, आन् तू इचार काहून करून राहिली?"

जनकाबाई दुसऱ्या दिवशी जीपनं हिंगोलीला गेली आणि वैजनाथच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन बसली. बिलावर काय काय येतं, तिनं विचारलं. वैजनाथनं स्वतःचंच बिल दाखवलं. कोणता नंबर, किती वाजता, किती मिनिटं, सगळं छापलेलं.

"हे कोणाच्या घरी जातं?"

"ज्याच्या नावावर सिम, त्याच्या. नंबरबी त्याचाच. त्यानं बंद करा म्हणलं की बंद."

"म्हंजे मी कोणाशी बोलले ते नरसिंगला कळणार. आन् आमचं बिनसलं तर लोकांना मी सापडणारच न्हाई."

"मग प्रीपेड घ्या, मावशी. मतदान कार्ड आन् फोटो द्या. बिल न्हाई, कोणाचा जामीन न्हाई. येणारा फोन तर फुकटच."

जनकाबाईनं फॉर्मवर एकेक अक्षर जोडत सही केली. नंबर तिच्या नावावर झाला. जुना हँडसेटही तिनं तिथूनच घेतला. घरी येऊन पळीझाऱ्यांच्या लोखंडी पेटीवर नाव आणि नंबर ऑइलपेंटनं लिहून घेतला.

गोरेगावच्या लग्नात नरसिंगनं ती पेटी पाहिली आणि तो भडकला. "रिचार्ज संपला की डबडं व्हईल त्याचं. आन् तुझं आडनाव वाचल्यावर कोण बोलावंल तुला मांडवात?"

आडनावावरून तो जात काढत होता, ते तिला बरोबर कळलं. पण पेटीवरची अक्षरं तिनं पुसली नाहीत.

त्यानंतर नरसिंगचा निरोप आला नाही. दीड महिना फोनही वाजला नाही. पाचीजणी कापूस वेचायला जाऊ लागल्या. आशाबाई येता-जाता जनकाबाईच्या कमरेच्या पिशवीतल्या फोनकडं बघायची.

मग एका दुपारी रानातच फोन वाजला.

"गोरेगावहून तातेराव बोलतो. आमच्या पुतणीच्या लग्नात वांग्याची भाजी कोणी केली होती?"

"मीच. जनकाबाई खिल्लारे, पुसेगाव." आडनावावर तिनं मुद्दाम जोर दिला आणि ती थांबली.

"तेच नाव पेटीवर वाचलं, नंबरबी लिहून घेतला, म्हणून तर फोन केला. नरसिंगला इचारलं, तर म्हणे त्या बाईला फोनच न्हाई! पोरीचं लग्न हाय, हजार माणूस जेवंल. येता का?"

"येतो की! आमी पाचीजणी येतो!" ती एवढ्यांदा ओरडली, की कपाशीच्या पलीकडच्या ओळीतल्या बाया धावत आल्या.

तातेरावाच्या मांडवात हजाराचे बाराशे झाले, तरी भाजी कमी पडली नाही. शेवटच्या पंगतीला त्यानं पाचीजणींना बाहेर बोलावलं, नावं घेऊन सगळ्यांना ओळख करून दिली आणि पहिल्या ओळीत बसवून स्वतः वाढलं. तिथंच तिघांनी नंबर लिहून घेतला.

लग्नसराई संपेपर्यंत त्यांनी अकरा मांडव गाजवले. मे महिन्यात नरसिंगचा फोन आला. आवाज नरम होता. "जनकाबाई, सेनगावला मोठी ऑर्डर हाय. तुमी आल्याबिगर जमत न्हाई. येता न्हवं?"

"नाव आमचं सांगायचं, लग्नघरच्यांशी बोलणी आमी करायची," जनकाबाई म्हणाली. "कबूल असंल तर तारीख सांगा. मोकळी हाय का, बघून कळवतो."