छातीवर बसणारी

आवाजवाली त्या दिवशी सकाळपासून स्टुडिओत नुसती उड्या मारत होती. काकडी मोडून हाडं मोडल्याचा आवाज काढायचा, ओलं फडकं पिळून रक्त ठिबकवायचं, हा तिचा सिनेमातला धंदा. पण असा सिनेमा तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. झोपलेल्या पुरुषांच्या छातीवर बसून त्यांचा श्वास पिणारी हडळ, आणि तीही मोकळे केस, लाल ओठ असली थेरं नसलेली. गाऊनमधली, चष्मेवाली, चारचौघींसारखी बाई! बघूनच अंगावर काटा यायचा.

"ताई, एकच गोष्ट अडतेय," दिग्दर्शक म्हणाला. "ती श्वास का पिते, हे मलाच अजून पटत नाही. त्यामुळे शेवट लंगडा पडतो."

"ते तुझं तू बघ बाबा. मी झोपलेल्या माणसाचं घोरणं आणलंय, ते ऐक आधी."

घोरणं तिच्या नवऱ्याचं होतं. तो बेकरीत रात्रपाळीला, त्यामुळे दिवसा घरी ढाराढूर. आदल्या दुपारी तिने त्याच्या उशाशी माईक ठेवला, मशीन चालू केलं आणि खुशाल बाजारात निघून गेली.

चित्राला आवाज जोडणाऱ्या मिक्सिंगवाल्याने सीन लावला. पडद्यावर हडळ पलंगावर चढली, छातीवर बसली. घोरणं चालू होतं, आणि एकदम थांबलं. शांतता. खोलीत कुणी हलेना. शांतता संपायचं नावच घेईना. मग बुडता माणूस वर यावा तसा एक जोरदार आचका आला.

"आईशप्पथ!" दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "काय कापलंयस रे! मानलं तुला!"

"मी कुठे हात लावलाय?" मिक्सिंगवाला हसला. "कमाल ताईंची."

"माझी कसली? मी तर जसंच्या तसं दिलं. तूच कापलंस, उगाच लाजू नकोस."

या धंद्यात शांतता आपोआप येत नाही, कुणीतरी कापून आणलेली असते. म्हणून ती आणि मिक्सिंगवाला आपले एकमेकांची पाठ थोपटत बसले. मग आवाजवालीने हौसेने हेडफोन चढवला आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. शांततेत पंखा होता. त्यांच्या खोलीतला खरखरा पंखा, एकदाही न तुटता फिरत होता. आवाज कापला असता तर पंखाही तुटला असता. म्हणजे कुणी काही कापलंच नव्हतं. थांबला होता तो फक्त श्वास.

तिने हेडफोन भिरकावला. पर्स तेवढी उचलून ती पळत सुटली.

"ताई, कुठे निघालात?"

"घरी!"

टॅक्सीतून तिने फोनवर फोन लावले. झोपताना तो मेला फोन बंद ठेवायचा. दाराशी किल्ली काही केल्या भोकात जाईना. आत पंखा खरखरत होता आणि नवरा उताणा पडला होता, तोंड उघडं, आवाज काही नाही.

ती चपलांसकट पलंगावर चढली, गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि गदागदा हलवायला लागली. "ऊठ! ऊठ म्हणते ना! श्वास घे!"

तोच आचका आला. नवऱ्याने डोळे उघडले. छातीवर बाई, केस पिंजारलेले, चष्मा नाकावर वाकडा. तो असा काही किंचाळला की पलंग हादरला.

"अगं बाई, सिनेमा घरी आणलास की काय!"

ती हसत होती, रडत होती आणि दोन्ही मुठींनी त्याला बडवत होती. "शर्ट घाल. डॉक्टरकडे जायचंय, आत्ताच्या आत्ता."

"अगं, झोप तरी पुरी होऊ दे..."

"झोपून तर दाखव!"

टॅक्सीत दिग्दर्शकाचा फोन आला. "ताई, काय झालं? कुणी कापलं होतं ते?"

"कुणीच नाही," ती नवऱ्याचं मनगट घट्ट धरून म्हणाली. "आणि ऐक. तुझी हडळ श्वास प्यायला येतच नाही. थांबलेला सुरू करायला येते. झोपलेले पुरुष जागे होतात, छातीवर ही दिसते, आणि खापर हिच्या डोक्यावर फुटतं."

पलीकडे आनंदाने आरडाओरडा सुरू झाला. तिने तोवर फोन ठेवून दिला होता. नवऱ्याची मान तिच्या खांद्यावर कलली होती, आणि आता तिला त्याच्या श्वासाशिवाय दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.