बटणांच्या डब्यातली गोळी

मित्रांनो, या डब्यात तुम्ही मला पाहाल, तर बटणच समजाल. पण मी एक जुनी गोळी आहे, पोटातला मुरडा सोडवणारी. अपचनाने आतड्याला पेटके आले, की ते सैल करायचं, एवढा एकच गुण देवाने माझ्या अंगी घातला. जीभ मात्र दिली नाही.

कारखान्यात मला चंदेरी पट्टीच्या एका खळग्यात बसवून वरून बंद केलं. शेजारी माझ्या बहिणी होत्या. आमच्या पाठीवर आमचं नाव आणि आमची मुदत छापलेली होती. तो आमचा मान होता.

टेलर मास्तर मला बायकोसाठी घेऊन गेले. औषधवाल्याने त्यांना नीट बजावलं होतं, "डॉक्टरांनी वहिनींना दिल्यात, त्यांनीच घ्यायच्या. तोंड कोरडं पडेल, डोळ्यांपुढे धूसर होईल, तेव्हा मशीनवर बसू नका म्हणावं. आणि ज्याला काचबिंदू आहे किंवा लघवी अडते, त्याला विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका." मास्तरांनी मान डोलावली. घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही शिरली आणि बाकी सगळं निघून गेलं.

वहिनींना दोन गोळ्यांतच आराम पडला. मग त्यांनी जे केलं, ते टेलरच्या घरातच होऊ शकतं. कापडाचे नमुने कापावेत तशी त्यांनी कात्रीने आमची पट्टी कापली. एकेका गोळीचा सुबक चौकोन. "लागेल त्याला पटकन उचलता येईल," त्या म्हणाल्या आणि चौकोन बटणांच्या डब्यात टाकले. माझ्या पाठीवर नावाची दोन अक्षरं तेवढी राहिली. मुदत कुणाच्या वाट्याला गेली, देव जाणे.

तिथे मी किती काळ पडून होते, सांगता येत नाही. वर डब्याचं झाकण, भोवती बटणं, आणि मी माझ्या खळग्यात गच्च. हातपाय नाहीत, तरी कोंडल्यासारखं होई. कुणाचं पोट दुखलं, की बहिणींपैकी एक उचलली जाई. मी मनात म्हणे, देवा, आता माझी पाळी येऊ दे.

आली, पण कशी आली ते ऐका.

मास्तरांचे धाकटे भाऊ सकाळपासून बरं नसतानाही काज करत बसले होते. त्यांना काचबिंदू होता. डोळ्यांत थेंब घालून घालून त्यांनी नजर टिकवली होती आणि त्या नजरेवर त्यांचं पोट होतं. अचानक सुई ठेवून ते पोट धरून वाकले. वहिनींनी डबा उघडला, मला उचललं आणि मागून अंगठ्याने दाबलं. कागद फाटला आणि मी त्यांच्या तळहातावर पडले.

इतक्या दिवसांनी मोकळी झाले होते, मित्रांनो, आणि मला परत आत जायचं होतं. या माणसाच्या पोटात गेले, तर त्याच्या डोळ्यातला दाब वाढायचा. पण ओरडायचं कशाने?

"घ्या भावजी, पाण्याबरोबर."

"कसली गोळी आहे वहिनी?"

"पोटाची."

"नाव काय तिचं?"

"नाव कशाला? स्थळ बघायला आलाय का?"

एवढ्या कळेतही ते हसले. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, नवीन काही घ्यायचं तर आधी विचारा. औषधवाल्याला फोन तरी लावा."

वहिनींनी फोन लावला. तिकडून नाव विचारलं. त्यांनी चौकोन उलटासुलटा केला.

"दोनच अक्षरं आहेत हो. बाकीचं मी कापलं."

"मग ती देऊ नका. तुमचीच मुरड्याची गोळी असेल, तर काचबिंदूवाल्याला विचारल्याशिवाय नाहीच. दुखतंय कसं? उलटी, ताप?"

"सकाळपासून उलट्या होतायत. अंगही तापलंय."

"मग घरी कसलीच गोळी नको. कळ दबेल आणि दुखणं आत वाढत राहील. लगेच दवाखाना गाठा."

वहिनींनी मला टेबलावर ठेवलं. "मी देऊन बसले असते की हो," त्या मास्तरांना म्हणाल्या. मास्तरांना तेव्हा कोटाच्या बाहीमागे विसरलेलं सगळं आठवलं. ते खाली बघत चपला शोधत राहिले.

भावजींचं आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं होतं. वेळेवर शस्त्रक्रिया झाली.

मला वहिनींनी पुन्हा डब्यात ठेवलंय, उरलेल्या बहिणींसकट. उद्या आम्हाला औषधवाल्याकडे नष्ट करायला देणार आहेत. ज्या कामासाठी जन्मले, ते माझ्या हातून झालं नाही, याचं वाईट वाटतं. पण मित्रांनो, आमचं नाव आणि मुदत आमच्यापासून तोडू नका. एकाला दिलेली गोळी दुसऱ्याला मायेनेसुद्धा देऊ नका. आम्ही आतून सांगू शकत नाही, तुम्हीच विचारा.

झाकण आज अर्धवट लागलंय. फटीतून भावजी दिसतात. नुकतेच घरी आलेत, पलंगावरच बसलेत. वहिनी नको नको म्हणत असताना त्यांनी सुई मागून घेतली, उजेडाकडे धरली, एक डोळा बारीक केला आणि दोरा ओवला.